हवेतल्या बाईची उंची

आमचे हे पोलंडहून परत आले तेव्हा बॅगेतून माझ्यासाठी एक लोकरीची शाल, चॉकलेटांची पिशवी आणि चीजचा एक पिवळाधमक दगड निघाला. आणखी एक गोष्ट त्यांनी आणली होती, ती मात्र मला दिली नाही. ती त्यांच्या मोबाईलमध्ये होती. गाणी. सगळी एकाच जातीची, एकाच चालीवर डुलणारी. मला तरी ती सगळी सारखीच वाटायची, कारण सगळ्यांचा राग मला सारखाच यायचा.

हे सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. नवी लाइन बसणार होती, म्हणून काही निवडक माणसांना तिकडच्या कारखान्यात शिकायला पाठवलं होतं. पावसाळा सरता सरता गेले आणि उन्हाळा लागता लागता आले. तेवढे महिने मी घर, दुकान आणि पाण्याचा टँकर असं सगळं एकटीनं ओढलं. माझं दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. मी ब्लाउज शिवते. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा आहे, आणि हे सगळं त्या पडद्याच्या फटीतून सुरू झालं.

सकाळची वेळ होती. मी एका ब्लाउजला काज करत बसले होते. आत ह्यांनी स्वतःच्या हातानं चहा ठेवला होता, हेच मुळात आक्रीत. म्हणून मी डोकावले. ओट्यावर मिसळणाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला होता. त्यातून गिटारची टिणटिण चालली होती, मागं कुणीतरी किसणीवर चमचा घासत होतं, आणि एक बाप्या गळा काढून रडत गात होता. आणि आमचे हे, ज्यांनी सख्ख्या भावाच्या वरातीत हात वर केला नाही, ते नाचत होते. एका बाजूला तीन पावलं, चौथ्याला पाय नुसता टेकवायचा, की परत दुसऱ्या बाजूला. डोळे मिटलेले. डावा हात कुणाचा तरी हात धरल्यासारखा बाजूला, आणि उजवा हात पुढं, कोपरात वाकवून, कुणाच्या तरी पाठीवर.

समोर कुणी नव्हतं. पण तो हात ज्या बेतानं ठेवला होता, ना दाबून ना सोडून, त्यावरून ह्यांच्यासमोर कुणीतरी आहे हे मला पक्कं कळलं. चहा उतू जाऊन गॅस विझला तरी ह्यांना पत्ता नव्हता. मी तशीच मागं येऊन मशीनवर बसले आणि सुई बोटात घुसवून घेतली.

मी जळाले. ते कशाला लपवू? माझा स्वभावच तसा आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षं ह्यांची वहिनी ह्यांना भाकरीवर तुपाचा गोळा जास्त वाढायची, तेवढ्यावरनंसुद्धा माझ्या पोटात गोळा यायचा. इथं तर माझा नवरा माझ्याच स्वयंपाकघरात डोळे मिटून परक्या बाईला कवेत घेऊन डुलत होता, आणि ती बाई मला दिसतसुद्धा नव्हती. दिसली असती तर मी तिला काहीतरी बोलले असते.

पण एक गोष्ट मला दिसली होती. हात. माणसाच्या अंगाचं माप नजरेनं घ्यायचं हा माझा धंदाच आहे. गिऱ्हाईक दारातून आत येईस्तोवर मला तिची पाठ, मुंढा, बाही सगळं कळलेलं असतं. तो हात ज्या उंचीवर होता तिथं माझी पाठ येत नाही. तिथं माझी मान येते.

मी बुटकी आहे. हे ताडमाड. दुकानात मशीनच्या वर आमच्या लग्नाचा फोटो लावलाय, त्यात आम्ही जोडीला अगदी शोभून दिसतो, पण तो फोटो खोटा आहे. आमचं लग्न माझ्या माहेरी, नगरच्याच कर्जत तालुक्यात लागलं. माझा मामा कारभारी माणूस. नवरदेव एवढा उंच, पोरीचा हात हार घालताना पोचायला नको का, म्हणून त्यानं मंगलाष्टकांच्या वेळी माझ्या पायाखाली एकावर एक दोन पाट ठेवले आणि वरून शालूचा घोळ सोडला. कुणाला कळलं नाही. सासूबाईंना कळलं ते वरात सुप्याला आल्यावर, मी उंबऱ्यावरचं माप ओलांडत होते तेव्हा. "अगं बया, पोरगी वाटंत झिजली का काय?" असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. तेव्हापासून घरात मला एवढुशी म्हणायचा परवाना सगळ्यांना मिळाला.

तर ही हवेतली बाई माझ्याहून उंच होती. मला ते नक्की करून हवं होतं. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा तसेच डुलायला लागले तेव्हा मी डबा घ्यायच्या निमित्तानं आत गेले आणि ह्यांचा हात जिथं होता, त्या सुमारानं दाराच्या चौकटीवर मार्किंगच्या खडूनं बारीकशी रेघ ओढली. ह्यांचे डोळे मिटलेलेच होते. हे कामावर गेल्यावर मी चौकटीला पाठ लावून उभी राहिले आणि मागं हात घालून चाचपलं. रेघ माझ्या मानेवर, अंबाड्याच्या खाली आली. म्हणजे ती माझ्याहून वीतभराला थोडी कमी एवढी उंच. खांदे सरळ असणार, कारण हात तिरका नव्हता. अंगानं सडसडीत, कारण कोपर फार लांब गेलं नव्हतं. त्या बाईचा ब्लाउज मी तिला न बघता बेतला असता, आणि तो तिला बसला असता.

ती रेघ मी पुसली नाही. येता-जाता तिच्याकडे बघून जळायची सोय झाली.

तोंडानं मात्र मी काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि ह्यांनी खरं सांगितलं असतं, तर? ह्यांना खोटं बोलता येत नाही. एवढ्या वर्षांचा संसार, लेक पुण्याला कॉलेजात, आणि आता जर ह्यांच्या हातांना दुसऱ्याच कुणाच्या पाठीची सवय लागली असेल, तर ती त्यांच्या तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती. मला फक्त एवढंच कळून घ्यायचं होतं की तिथं माझी जागा उरलीय का नाही. आणि तेच विचारायला जीभ रेटत नव्हती.

म्हणून मी लेकीला गाठलं. ती शनिवारी घरी आली होती. तिला म्हटलं, "तुझे पप्पा काय गाणी लावतात गं? कुठली भाषा ती?"

तिनं ऐकलं आणि खी-खी हसत सुटली. "आई, ही बचाता हाय! पप्पा बचाता ऐकतात?"

"ऐकत न्हाईत. नाचतात."

तिचे डोळे असे काही चमकले, की मला तिचाही राग आला. मग तिनं मला मोबाईलवर दाखवायला सुरुवात केली. ही गाणी म्हणे तिकडं लांब समुद्रातल्या एका बेटावरची, भाषा स्पॅनिश. पूर्वी तिथं चांगल्या घरातले लोक हे गाणं लावायचे नाहीत. हलक्या वस्तीतलं, दारूच्या गुत्त्यातलं गाणं म्हणून नाकं मुरडायचे. ते मला लगेच समजलं. माझे वडील गावच्या जत्रेत तमाशाचा तंबू लागला की आम्हा बहिणींना घराबाहेर पडू द्यायचे नाहीत, आणि स्वतः मात्र पहिल्या रांगेत असायचे. आणि आता काय, लेक सांगत होती, अख्खं जग ह्याच्यावर नाचतंय. तिनं एकामागून एक दाखवलं. जपानी पोरं नाचतायत. कोरियातली नाचतायत. कुठल्या तरी बर्फाच्या गावात पांढऱ्या केसांची आजीबाई नाचतेय, तिच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला. पुण्यात म्हणे शनिवारी क्लासला जागा मिळत नाही.

"ह्यांना समद्यांना ती भाषा येती?" मी विचारलं.

"कुणाला येत नाही गं. पोलंडवाल्यांना तरी कुठं येती? नुसती चाल ऐकून नाचतात. जोडीनं."

"एकट्यानं न्हाई नाचता येत?"

"छे. एकट्यानं काय मजा? हात धरायला कुणीतरी पाहिजेच की."

झालं. मला जे ऐकायचं नव्हतं ते माझ्या पोटच्या पोरीनं मला ऐकवलं. मी तिला म्हटलं, ह्या गाण्यात तो बाबा एवढा काय रडतोय ते तरी सांग. तिनं मोबाईललाच विचारलं आणि वाचून दाखवायला लागली. एकात तो म्हणत होता, तू दुसऱ्याच्या मिठीत आहेस आणि माझा जीव जळतोय. दुसऱ्यात एक बाई म्हणत होती, तुझ्या सदऱ्याला कुणाचा वास येतोय. तिसऱ्यातही तसलंच. मी म्हटलं, बास. भाषा कळत नव्हती तेव्हा बरं होतं. एवढे दिवस मी ज्या गाण्यांवर डाफरत होते, ती सगळी माझीच कैफियत मांडत होती, आणि ह्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मजेत पावलं टाकत होते!

त्यानंतर ते गाणं मला जागोजागी भेटायला लागलं. आधीपासूनच होतं की काय देव जाणे. शेजारच्या मोबाईलच्या दुकानात वाजायचं. कारखान्यातल्या पोरांच्या फोनची रिंग तीच. नगरला कापड आणायला गेले तर तिथल्या एका जिमच्या जिन्यावरून तीच टिणटिण खाली येत होती आणि वर बायकांचे पाय आपटत होते. मी जिन्याखाली दोन पिशव्या घेऊन उभी राहिले. सगळ्या जगाला आमंत्रण गेलंय आणि मला तेवढं वगळलंय, असं वाटलं.

कळस झाला तो एका हळदीत. ह्यांच्याबरोबर पोलंडला गेलेल्यांमधला एक तरुण, त्याचंच लग्न. करवल्यांचे ब्लाउज माझ्याकडे होते, ते द्यायला मी गेले होते. मांडवात डीजेनं पहिल्यांदा आपली नेहमीची गाणी लावली, मग नवरदेवानं काहीतरी खूण केली आणि तेच सुरू झालं. बायका पिवळ्या साड्यांत ठेक्यावर माना डोलवायला लागल्या. एका म्हातारीनं तर पदर खोचून फुगडीचाच पाय त्यात घातला आणि तोही बसला. ती हसत होती, सगळेच हसत होते, फक्त माझं तोंड एरंडेल प्याल्यासारखं होतं.

नवरदेव हळदीनं माखून पाटावर बसला होता. मी ब्लाउजांची पिशवी त्याच्या बहिणीकडं दिली आणि त्याच्याजवळ जाऊन, जमेल तेवढं हसून विचारलं, "काय भाऊजी, तिकडं तुमी समदे लई नाचलात म्हनं? आमचे हे कुणासंगं नाचायचे?"

तो खो-खो हसला. "वहिनी, त्यांची जोडीदारीण ठरलेली हुती! दुसऱ्या कुणाला हात लावतील तर शपथ. दर शुक्रवारी तीच."

"कोण ती?"

"ते तुमी त्यांनाच इचारा," असं म्हणून त्यानं डोळा मारला. हळदीचा ओघळ त्याच्या पापणीवर आला होता, तो पुसायला करवली पुढं झाली आणि मी मागं सरले.

ठरलेली. दर शुक्रवारी. घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. शुक्रवारी मी काय करत असायचे ते मला चांगलं आठवतं, कारण शनिवारी गिऱ्हाइकं यायची. मी हुकं लावत बसायचे. ह्यांचा फोन यायचा आणि हे म्हणायचे, आज जरा कँटीनमध्ये कार्यक्रम हाय, ठेवतो. मी म्हणायचे, ठेवा, थंडीत फिरू नका. मी मेली थंडीची काळजी करत होते!

त्या संध्याकाळी हे पुन्हा ओट्यासमोर उभे राहिले तेव्हा मी पडदा बाजूला सारून सरळ आत गेले आणि म्हणाले, "हात लई वर जातो तुमचा."

ह्यांनी डोळे उघडले. हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. गाणं बंद केलं आणि बाहेर जाऊन मोटारसायकल पुसत बसले. त्या दिवसापासून घरात नाच बंद झाला. वाटेल तसं बोलून मी जिंकले होते, आणि स्वयंपाकघर असं सुनं झालं की मला तेही बघवेना.

दुपारी घरात कुणी नसताना मी स्वतः ती पावलं टाकून बघितली. कशाला? काय माहीत. माझ्यापेक्षा तिला असं काय जास्त येतंय ते बघायला. शाळेत मी लेझीमच्या रांगेत सगळ्यात पुढं असायचे, बुटक्या पोरी पुढंच असतात, आणि झेंडावंदनाला माझ्याकडं बघून बाकीच्या पाय टाकायच्या. पण हे जमेना. तीन पावलं बरोबर पडायची आणि चौथं दाणकन जमिनीवर. लेझमीत पाय टाकला की टाकला, सगळं अंग त्याच्यावर. इथं पाय नुसता टेकवायचा, भार द्यायचा नाही, नाहीतर पुढचं पाऊल चुकीच्या पायावर येतं. ते अर्धवट टेकवणं मला काही केल्या येईना. रागानं मी त्या खडूच्या रेघेवर चापट मारली.

आणि अशात एक दिवस हे म्हणाले, "पोलंडच्या ट्रेनरबाई आल्यात, लाइन चालू करायला. रविवारी जेवायला बोलावलंय."

मी पोळपाटावरनं मान वर केली नाही. "बाई?"

"आमाला शिकवायला त्याच हुत्या. कामबी अन्..." पुढचं गिळलं.

म्हणजे नाचही तिनंच शिकवलेला. मला वाटलं, आता सापडली. रविवारी मी शिपी आमटी केली, आमच्या कर्जतकडची डाळींची झणझणीत, आणि मिरची नेहमीपेक्षा मूठभर जास्त घातली. बाजरीच्या भाकरी, ठेचा, पुरणपोळी. मांडीवर मापाची टेप ठेवून मी वाट बघत बसले. लेकीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, इंग्रजी कळायला.

ती बाई पडद्याच्या दारातून आली ती वाकून आली. खरंच वाकून, कारण आमची चौकट तिच्या कपाळाला लागत होती. वयानं माझ्याएवढीच असेल, केस आखूड, हात कामाचे. मी तिच्या खांद्याकडं बघितलं, मग चौकटीवरच्या माझ्या रेघेकडं. रेघ तिच्या कंबरेच्या जरा वर येत होती. ही ती नव्हे. म्हणजे अजून कुणीतरी होती, जी इथं आलेलीच नाही, जिचं तोंडही मला कधी दिसणार नाही.

बाईनं मांडी घालून आमटी भुरकली. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या तरी तिनं परत मागितली. मला तिच्याबद्दल नकळत बरं वाटायला लागलं, आणि ते वाटल्याचा राग आला. जेवण झाल्यावर मी ताटं उचलायला उठले, तर ती माझ्याकडं टक लावून बघायला लागली. पायांपासून डोक्यापर्यंत. मग ह्यांच्याकडं वळून काहीतरी बोलली आणि मांडीवर हात मारून हसली. हे तिला हातानं गप्प करत होते. लेकीचं तोंड उघडंच राहिलं.

"काय म्हनती?" मी विचारलं.

"ती म्हणती, तुझी आई एवढी लहान कशी? तिकडं तर ती एवढी होती." लेकीनं आपल्या डोक्यावर हात नेऊन दाखवलं.

"मी कवा तिकडं गेल्ते?"

मग त्या बाईनं सांगितलं आणि लेकीनं तुकड्या-तुकड्यानं मला मराठीत दिलं. दर शुक्रवारी कँटीनमध्ये टेबलं बाजूला सारून सगळे नाचायचे, कामगार, साहेब, स्वयंपाकीण, सगळे. दर गाण्याला जोडीदार बदलायचा. पण आमचे हे कुठल्याच बाईचा हात धरायला तयार होईनात. समोर बाई आली की हात जोडून नमस्कार करायचे आणि भिंतीकडं सरकायचे. शेवटी ही ट्रेनरबाई वैतागून म्हणाली, ठीक आहे, मग तुझ्या बायकोबरोबर नाच. केवढी आहे ती? उंची दाखव. तर ह्यांनी लगेच हात वर करून दाखवली. बाईनं ह्यांचे हात त्या मापानं बसवून दिले आणि तेव्हापासून हे सगळा हिवाळा तसेच नाचले. बाकीच्या जोड्या म्हणे ह्यांच्या पुढ्यातून जाताना वळसा घालून जायच्या. बायकोला धक्का लागू नये म्हणून.

लेक रडायला आली होती. मी नाही. मी अजून भांडणाच्या पवित्र्यातच होते. धंद्याच्या माणसाला चुकीचं माप सहन होत नाही.

"पर एवढी मी हाय का?" मी ह्यांना विचारलं. "एवढ्या वर्षांत बायको केवढी हाय ते ठावं न्हाई तुमाला?"

"मी कुठं मोजलं?" हे खाली बघत पुटपुटले. "त्यांनी इचारलं, अन् हात तिथंच गेला."

"तिथंच का?"

मी त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडं बघितलं, पडदा उघडा होता, दुकानातला लग्नाचा फोटो दिसत होता. मग मी पाहुणीच्या बुडाखालचा पाट मागून घेतला, माझा पाट घेतला, ते एकावर एक ठेवले आणि त्यावर चढले. "धरा हात," मी म्हटलं.

ह्यांनी पाहुणीकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि पुढं आले. डावा हात माझ्या हातात दिला. उजवा हात वर झाला, त्या खडूच्या रेघेच्या उंचीला, आणि माझ्या पाठीवर बरोब्बर बसला. ना बोटभर वर, ना बोटभर खाली.

"समोरासमोर उभं राहून मी तुला तवाच पाह्यलं," हे अगदी हळू म्हणाले. "अंतरपाट खाली आला तवा. परत कवा उभे राह्यलो आपण असं?"

मी आठवून बघितलं. हे खरं होतं. मी भाकऱ्या थापत असायचे, हे जेवत असायचे. मी मशीनवर, हे मोटारसायकलवर. मोटारसायकलवर बसलो तरी मी पाठीमागं. एकमेकांसमोर, नुसतं उभं, हात हातात घेऊन, असं त्या दिवसानंतर आम्ही कधीच राहिलो नव्हतो.

आणि तरीही मी जळाले. खरं सांगते, त्या क्षणी जेवढी जळाले तेवढी पूर्वी कधी जळाले नव्हते. दोन पाटांवर उभी राहिलेली ती शालूतली पोरगी! तिला ना धड भाकरी थापता यायची, ना काज करता यायचं. मामाच्या लबाडीनं ती उंच झाली, आणि एवढ्या वर्षांनी माझ्या नवऱ्याबरोबर पोलंडला जाऊन, उबदार हॉलमध्ये, सगळा हिवाळा नाचून आली. लोक तिला वळसा घालून जात होते. आणि मी इथं टँकरच्या रांगेत धक्के खात होते.

लेकीनं मोबाईलवर ते रडकं गाणं लावलं. गिटार टिणटिणायला लागली. हे पाटांसमोर उभे होते, हात तिथंच, डोळे पुन्हा मिटायला आले होते.

मी खाली उतरले. एकदम एवढुशी झाले. ह्यांचा हात तसाच वर राहिला, माझ्या मानेपाशी, त्या दुसरीच्या पाठीवर.

"हात खाली घ्या," मी म्हणाले. "मी हितं हाय."